न वाहणाऱ्या पाण्याची उंची

आमच्या घरात हिश्शांची एक रीत आहे. मोठ्या भावाने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाटे करणाऱ्याच्या मनात खोट येऊ नये म्हणून ती पडली असणार. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, दोन वाटे केले. एकात नाल्याकाठची काळी पट्टी आणि दुसऱ्यात टेकडीवरचं बरड. बरड काळीच्या दुपटीहून जास्त होतं, म्हणून कागदावर वाटे सारखे दिसत होते. आमच्या ह्यांनी काळी उचलली. जाऊबाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी बरडावर दगड वेचायला गेल्या. बरड म्हणजे वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. पाऊस वेळच्या वेळी आला तर ते पोसतं, आणि जरा दडी मारली की पीक उभ्या उभ्या वाळतं.

मी दारव्ह्याला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. रोज स्कुटीवर नाल्याचा पूल ओलांडते, संध्याकाळी परत येते. दुष्काळाच्या धड्यावर माझा जीव आहे. मुलांना मी सांगते की नुसत्या पावसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो लबाड असतो. एका रात्री पाऊस ढग फुटल्यासारखा कोसळतो, सगळं पाणी वाहून जातं, आणि सरासरी मात्र भरते. दुष्काळ आधी मातीत उतरतो. मग नाल्यात, मग विहिरीत. म्हणून मातीतली ओल मोजा आणि नाल्यातलं वाहतं पाणी मोजा, दोन्ही सोबत ठेवून पाहा, म्हणजे संकट किती जवळ आलंय ते वेळेआधी कळतं. हे मी आजही शिकवते आणि आजही मला ते खरं वाटतं. माझा राग शास्त्रावर नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणतील, बाई यंत्राच्या विरोधात आहे.

उलट, यंत्र गावात आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. मोजणीवाले साहेब आले, तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले की आता दुष्काळ निवेदनं देऊन, मोर्चे काढून मागायची गरज नाही, तो आपोआप मोजला जाईल. ओल मोजणारी कांडी जमिनीत पुरायची आणि पुलाच्या खांबावर पट्टी रंगवायची. पट्टीवर पाणी कुठवर आलंय याचा फोटो गावच्या कोतवालाने रोज सकाळी मोबाइलवरून पाठवायचा. कांडी कुठे पुरायची यावर थोडी चर्चा झाली, आणि ती आमच्याच काळ्या पट्टीत पुरली गेली. कुणीतरी नारळ फोडला, जाऊबाईंनी कांडीच्या खांबाला हळदकुंकू लावलं. मग त्यांनी साहेबांना विचारलं की हे वर बरडावर काहून नाही लावत, गावाची बहुतेक जमीन तर तिकडेच आहे. साहेब म्हणाले, तिथे मोबाइलची रेंज नाही, आणि गाडीही जात नाही. म्हणजे दुष्काळाला मोजून घ्यायची इच्छा असेल तर त्याने टेकडी उतरून रेंजमध्ये यावं, असा त्याचा अर्थ. तेव्हा तो मला लागला नाही, मी नारळाचं खोबरं वाटत होते.

त्या वर्षी आषाढात पाऊस दोन-तीनदा असा पडला की पुलावरून पाणी गेलं. सरासरी तिथेच भरली. पुढे श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा गेला. सोयाबीनला फुलं आली ती गळाली. ज्या शेंगा धरल्या त्या पोचट. आमच्या काळीत निदान घरापुरतं झालं. जाऊबाईंच्या बरडावर कापणीला मजूर लावावा एवढंही नव्हतं, त्यांनी ते सोयाबीन उपटून गुरांपुढे टाकलं. कपाशी गुडघ्याएवढी, तुरीचा भरवसा नाही.

आमचं महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या गावांचा सरकारी गट, दुष्काळी जाहीर झालं तर रोजगार हमीची कामं गावातच निघणार होती. तसं झालं तर जाऊबाई आणि भासरे गावात राहणार होते. नाहीतर पुण्याकडे. तिथे बांधकामाच्या साइटवर नवराबायकोला वॉचमन म्हणून ठेवतात, पत्र्याची खोली देतात. आमच्या भागातून बरीच जोडपी गेलेली आहेत. जाऊबाईंनी गाव सोडून लग्न आणि दवाखाना याखेरीज कुठे मुक्काम केलेला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की काम निघालं तर राहतो, नाही निघालं तर दिवाळी झाली की जातो. मी त्यांना म्हटलं, कशाला जाता, यंत्र आहे ना आता. मला खरंच तसं वाटत होतं.

त्याच सुमारास कृषी सहायक आले. त्यांच्या खात्याला वनराई बंधाऱ्यांचं लक्ष्य होतं. नाल्यात थोडीशी धार होती, ती आटायच्या आत अडवायची. खताची रिकामी पोती घ्यायची, वाळूमाती भरायची, तोंडं शिवायची आणि नाल्यात आडवी रचायची. काम चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. नळयोजनेची विहीर तिथेच काठावर आहे, तिला पाझर लागतो. सगळं गाव एका रविवारी नाल्यात उतरलं. जाऊबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. दाभणाने पोती शिवत होत्या आणि जी सैल शिवली ती परत उसवायला लावत होत्या. त्यांच्या जिभेचा पट्टा चालू होता आणि माणसं हसत हसत काम करत होती. संध्याकाळपर्यंत बंधारा उभा राहिला. कृषी सहायकांनी सगळ्यांना पोत्यांवर उभं करून फोटो काढले. जागा त्यांनीच दाखवली होती. पुलाच्या जरा खाली, जिथे गाडी लावता येते तिथे.

पाणी हळूहळू मागे तुंबत गेलं. पुलाखाली आलं, आणि खांबावरच्या पट्टीला लागलं.

मला ते कळायला काही दिवस लागले. कॉलेजहून येताना पुलावर स्कुटी थांबवली होती. खाली पाण्यावर पळसाचं एक पान होतं. मी फोनवर बोलत होते, बोलणं संपलं तरी पान जागच्या जागीच. मग माझी नजर पट्टीवर गेली. आषाढातला पूर सोडला तर पावसाळ्यात इतकी उंची कधी नव्हती. आणि कोतवाल रोज सकाळी इमाने इतबारे तिचा फोटो पाठवत होता. पाणी किती उभं आहे ते पट्टी सांगत होती. ते चालतंय की बसलंय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी तशीच शेतात गेले. बंधाऱ्याचा पाझर आमच्या काळीत शिरला होता, कांडीच्या आजूबाजूची माती चपलेला चिकटत होती. एका सरकारी खात्याच्या बंधाऱ्याने दुसऱ्या सरकारी खात्याच्या दोन्ही साक्षीदार फोडले होते, आणि दोन्ही खात्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून यवतमाळला गेले. गोड बोलणाऱ्या साहेबांनी चहा मागवला. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि स्वतःच कागदावर नाला, पूल, बंधारा काढून दाखवला. त्यांना सगळं समजलं होतं. पाणी तुंबलं की उंचीवरून प्रवाह काढता येत नाही, हे त्यांनी मला माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. मग म्हणाले की जागा वरून ठरलेली आहे, उंचीवरून प्रवाह काढायचा तक्ताही वरून आलेला आहे. संगणकात उंची भरली की प्रवाह आपोआप पडतो. शेरा लिहायला रकाना नाही. त्यांनी वर कळवलं आहे. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे."

सरकारी कचेरीत हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. बरोबर आहे म्हणणाऱ्याशी काय भांडणार? मी तो चहा तसाच ठेवून आले.

मग पाहणी पथक आलं. यंत्राने सांगितलेलं खरं की खोटं, ते प्रत्यक्ष पाहायला. त्याला सत्यमापन म्हणतात. एवढा मोठा शब्द, आणि ते सत्य पुलावर उभं राहून मापलं गेलं. पथकातल्या मोठ्या साहेबांनी भरलेल्या नाल्याचा फोटो घेतला. आमच्या काळीत उतरले, मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा झाला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, साहेब, काळी माती फराळाचा डबा मांडीखाली घेऊन बसलेल्या सासूसारखी असते. डबा भरलेला असतो, पण सुनेच्या पानात पडत नाही. चिकण मातीत ओल असते, मुळांना ती ओढता येत नाही, पीक ओलीत उभं राहून मरतं. आणि इथे तर ही ओलही बंधाऱ्याची आहे. तुम्ही वर चला, बरडावर. गाडी जात नसेल तर पायी चला, मी येते सोबत. ते घड्याळाकडे बघून म्हणाले की पाहणीची शेतं आधीच नकाशावर ठरलेली आहेत, त्यात बरडातलं एकही नाही. मी म्हटलं, मग नकाशावर बरड काढा. ते हसले. म्हणाले, मोजमापात भावना आणू नका मॅडम.

भावना! माझा आवाज चढला हे खरं आहे. गावातल्या माणसांसमोर मी त्यांना विचारलं की तुंबलेल्या पाण्याला वाहतं म्हणणं ही भावना नाही तर काय आहे. आमचे हे माझा हात धरून मला मागे घेत होते. जाऊबाई मात्र तिथेच उभ्या राहून साहेबांच्या हातातल्या मातीच्या गोळ्याकडे बघत होत्या. पथकाने गोळा टाकला, हात धुतले, गेले.

काही दिवसांनी यवतमाळच्या साहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की शेवटचं वाचन अजून जायचं आहे, त्या दिवशी पट्टीला पाणीच लागलेलं नसेल तर आकडा शून्य येईल. नाला कोरडा धरला जाईल आणि ओलही हळूहळू उतरेल. मंडळ बसू शकतं दुष्काळाच्या यादीत. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी ते गावात सांगितलं. पारावर माणसं जमली. फार वाद झाला नाही. पोती आपणच रचली, आपणच ओढू. सगळ्यात मोठ्याने मीच बोलत होते. मला जिंकायचं होतं. त्या मोठ्या साहेबांच्या हसण्याला उत्तर द्यायचं होतं. आणि जाऊबाईंना थांबवायचं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही इतकं एकजीव झालं होतं की मला वेगळं करून बघावंसं वाटलं नाही.

सकाळी आम्ही नाल्यावर गेलो तर जाऊबाई आमच्याआधी तिथे होत्या. बंधाऱ्याच्या मधोमध, पोत्यांवर मांडी घालून बसलेल्या. घागर शेजारी. भासरे काठावर उभे होते, खाली मान घालून. कुणीतरी म्हणालं, वहिनी, उठा. त्या उठल्या नाहीत.

"पानी सांडून दुष्काळ मांगाचा," त्या म्हणाल्या, "अन् मंग उन्हाळ्यात विहीर आटली का तो कागद प्याचा काय?"

मला राग आला. माणसांचा, साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त त्यांचा. मी चप्पल काढून पाण्यात उतरले आणि त्यांच्याजवळ गेले. मी म्हटलं, "बाई, हे तुमच्यासाठीच करून राह्यलो ना आपन. काम नाही निघालं त तुमालेच जा लागन. आमाले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या. त्यांचा स्वभाव तोंडाळ, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली होता.

"मी गेली त वापस येईन वो," त्या म्हणाल्या. "पानी गेलं त येते काय?"

विहीर त्या पाझरावर उन्हाळाभर टिकणार होती हे भूगोलाच्या बाईला माहीत होतं. बंधारा फोडला तर फाल्गुनात घसे कोरडे पडणार होते, आणि टँकर कधी येईल, येईल की नाही, ते पुन्हा कुणाच्या तरी रकान्यावर. हे मी पारावर बोलले नव्हते. कुणीच बोललं नव्हतं. एकेक करून माणसं काठावर चढली. मी शेवटी चढले. जाऊबाईंनी घागर भरून घेतली आणि पोतं जिथे दबलं होतं तिथे पायाने माती सारली.

यादी आली, त्यात आमचं मंडळ नव्हतं. कारणही छापलं होतं: मातीतील ओलावा पुरेसा, प्रवाह समाधानकारक. समाधान कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या मंडळात कामं निघाली. तिथे पुलाखाली बंधारा नव्हता, एवढाच काय तो फरक. मी अर्ज केले, दोनदा यवतमाळला गेले. गोड साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनीही चहा विचारला.

दिवाळी झाली. भाऊबीज करून जाऊबाई निघाल्या. बोरीच्या फाट्यावर गाडीची वाट बघत होत्या. एक पत्र्याची पेटी, पीठ, तुरीची डाळ, आणि प्लास्टिकच्या बाटल्यांत विहिरीचं पाणी. मला म्हणाल्या की दाराला कुलूप आहे पण किल्ली तुझ्याकडे, गुरांना आणि तुळशीला विसरू नको. गाडी आली, भासरे आधी चढले आणि जागा धरून खिडकीतून बाहेर बघत बसले. भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी म्हणालेच की तेव्हा फोडू दिलं असतं तर आज इथे उभ्या नसत्या. त्या म्हणाल्या, "असू दे." मग त्याही चढल्या.

उन्हाळा आला. आसपासच्या गावांत टँकर फिरू लागले. आमच्याकडे एक दिवसाआड का होईना, नळ येत होता. फेब्रुवारीत नाल्यातलं उघडं पाणी आटलं, पोती उन्हाने फाटली, पण विहिरीत झरा होता. गावात कुणी तसं मोठ्याने म्हणत नसे, पण नळाला पाणी आलं की बाया जाऊबाईंची चौकशी करायच्या. नळ आला की मी दोन घागरी भरते, त्यातली एक त्यांच्या तुळशीला आणि गुरांच्या टाक्यात. प्यायला पेला उचलला की मला संताप येतो. हे पाणी मला कुणी दिलं ते मला माहीत आहे, आणि ज्यांनी जाऊबाईंना घालवलं त्यांना त्या गेल्या हेसुद्धा माहीत नाही. कुठल्याही रकान्यात त्या नाहीत.

त्यांचा फोन रविवारी येतो. आधी गुरांचं विचारतात, मग विहिरीचं. चैत्रात एकदा मी त्यांना विचारलं की तिथे दिवसभर काय करता, गेटवर बसता का. त्या म्हणाल्या की गेटवर भासरे असतात. जाऊबाईंकडे पाणी मारायचं काम आहे. नव्या भिंती, नवे स्लॅब, सगळ्यांना पाइपने पाणी मारायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नाहीतर सिमेंट तडकतं. पाण्याचे टँकर रोज येतात, रांगेने उभे असतात.

"एकाही भिंतीले वाळू देत नाही इथं," त्या म्हणाल्या. हसल्यासारखा आवाज आला. "रोज एक साहेब येते. वरच्या मजल्यावर चढून येते, पायी. एकेक भिंतीले हात लावून पाहते, ओल हाय का नाही थे."

त्या दोनदा हॅलो म्हणाल्या. मग म्हणाल्या की रेंज गेली वाटतं, आणि फोन ठेवला. रेंज गेलेली नव्हती.